लोखंड म्हणजे कचरा

आमच्या सत्यनारायणाच्या पूजेला मयेकरकाका मेटल डिटेक्टर घेऊन आले होते. नमस्काराला जेमतेम झुकले, काखेतलं यंत्र चौरंगाजवळ गेलं आणि गुरुजींच्या वरचा सूर लावून केकाटलं. काकांनी कान देऊन ऐकलं आणि निर्णय दिला, "कलशात इथलं डॉलरचं नाणं टाकलंय. आपला रुपया घाला. देवाला फॉरिन एक्स्चेंज कशाला?" बायकोने मुकाट्याने पर्स उपसून रुपया आणला. मुलगी इथल्या बोलीत म्हणाली, "अंकल व्हेरी एक्स्ट्रा, लाह!"

काका मूळचे मालवणचे. जन्मभर जहाजावर, शेवटी चीफ इंजिनिअर. आता सेम्बावांगला आमच्याच ब्लॉकमध्ये एकटे राहतात आणि सगळे त्यांना चीफच म्हणतात. जहाज धक्क्याला लागलं की वरून इंजिनरूमला हुकूम येतो, 'फिनिश्ड विथ इंजिन्स'. म्हणजे प्रवास संपला, यंत्रं बंद करा. चीफ हे जेवण झालं की म्हणतात, दाढी झाली की म्हणतात. एकदा खालच्या मजल्यावरच्या चिनी आजोबांच्या अंत्यविधीतही म्हणाले. आजोबांच्या मुलाला इंग्रजी उत्तम येतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी सकाळी लोक झोपतात. मी चीफ आणि त्यांच्या यंत्राबरोबर जायचो. आमच्याकडे इंग्रजांच्या काळातले काळ्यापांढऱ्या रंगाचे जुने बंगले आहेत. त्यातल्या एकात राहणाऱ्या स्कॉटिश बाईंनी रीतसर परवानगी काढून चीफना आवार मोकळं करून दिलं होतं. चीफचे गुडघे गेलेले, त्यामुळे वाकायला माणूस हवा. आठवडाभर रॅफल्स प्लेसला बँकेच्या कॉम्प्युटरपुढे वाकायचं आणि रविवारी चीफपुढे, असा माझा योग.

"थांब, बोलतंय!" चीफ हात वर करत. मी हिरवळीचा तुकडा वडीसारखा कापून अलगद उचलायचा, खालची माती चाळायची, तुकडा पुन्हा बसवायचा. सोडावॉटरची बुचं निघाली. पितळी कडी निघाली. एकदा जॉर्ज राजाचा एक सेंट निघाला, तेव्हा चीफनी मला लिटिल इंडियात नेऊन जिलबी खाऊ घातली. पण स्वतः काही फार खूश दिसले नाहीत.

यंत्राला एक बटण आहे, ते दाबलं की लोखंडाचा आवाज येत नाही. ते कायम दाबलेलंच. "लोखंड म्हणजे कचरा," चीफ म्हणत. "जन्म लोखंडात काढला, आता पुरे."

मग बाईंनी बातमी दिली. त्या स्कॉटलंडला परत निघाल्या होत्या आणि त्यानंतर मागच्या अंगणात फरशी बसणार होती. आमचा शेवटचा रविवार उजाडला. चीफ चाफ्याच्या झाडाभोवती यंत्र फिरवत राहिले, फिरवत राहिले. पाणीसुद्धा घेईनात. शेवटी मी वैतागून विचारलं, "चीफ, कुठल्या राजाचं नाणं हवंय तुम्हाला?"

"राजाचं नाही रे. मालतीचं."

याच बंगल्याच्या मागच्या आउटहाऊसच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला होता. तेव्हाच्या कंपनीने दिलेल्या. चीफ बोटीवर निघाले की मालतीकाकू त्यांच्यावरून रुपया ओवाळायच्या आणि तुळशीच्या मातीत खोचायच्या. परत आल्यावर तो चीफनी स्वतःच्या हाताने काढून देवापुढे ठेवायचा. तोवर प्रवास संपला असं काकू मानायच्याच नाहीत.

"शेवटच्या खेपेला मी बोटीवर असतानाच ती गेली," चीफ म्हणाले. "पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. घर सोडताना तुळस कुणाला आठवतेय? तिच्या हिशेबाने मी अजून समुद्रावरच आहे."

मी विचारलं, "वृंदावन होतं का इथे?"

"वृंदावन कसलं! गोडेतेलाचा डबा. इथे ठेवला होता, चाफ्याखाली. सावली पडते, तुळस खुरटते म्हणून कुरकुरायची सारखी."

"म्हणजे काकूंनी तुमच्यामागे उन्हात हलवला असेल. आणि डबा पत्र्याचा?"

"मग काय सोन्या..." चीफ थांबले. यंत्राच्या त्या दाबलेल्या बटणाकडे पाहिलं. जहाजाचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस! त्यांनी ते बटण सोडलं आणि मागच्या दारापाशी, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे गेले. यंत्राने अशी बोंब ठोकली की बाई धावत बाहेर आल्या.

आधी गंजाचे पापुद्रे निघाले, मग डब्याची कड. त्या मातीत काळवंडलेला रुपया होता. मी हात पुढे केला तर चीफ ओरडले, "तू नको!" गेलेल्या गुडघ्यांवर ते कसेबसे बसले आणि त्यांनी स्वतः तो काढला. शर्टाला पुसला. मी त्यांच्या त्या वाक्याची वाट पाहत राहिलो.

"तू म्हण," चीफ म्हणाले.

"मी? तुम्ही तर दाढी झाली तरी म्हणता."

"दाढीचं वेगळं. खरा हुकूम दुसऱ्याने द्यावा लागतो."

मी चिखलाचे हात पँटला पुसले आणि उभा राहिलो. "चीफ," मी म्हणालो, "फिनिश्ड विथ इंजिन्स."

"येस सर," चीफ म्हणाले. यंत्र बंद केलं आणि रुपया मुठीत धरून तिथेच हमसून हमसून रडले.