एक गंज, सहा वाढपी

लग्नाच्या पंगतीत वानखडे सर जेवत नाहीत, वाढप्यांची वेळ मोजतात. माझ्या पुतणीच्या लग्नातही ते घड्याळ हातात धरून वरणाच्या गंजाजवळ उभे होते.

"मॅडम, वाढपी सहा न् गंज एकच. दोघं भरून राह्यले, चौघं पाहून राह्यले. आनखी चार आणले तरी पंगत काही लवकर उठत नाही."

सर वणीच्या आमच्या कॉलेजात गणित शिकवतात आणि जमिनीखालचं पाणी कसं सरकतं याचा हिशेब मांडतात. त्यासाठी अनेक प्रोसेसरचा संगणक घ्यायचा होता. खरेदीची फाइल माझ्याकडे होती. माझ्या यादीतली सगळी कामं उरकली होती, एक सोडून: दोनपैकी कोणती रचना घ्यायची, यावर सरांची सही. शनिवारी मुदत संपत होती, आणि सरांचं तपासणं संपत नव्हतं.

पहिल्या रचनेत सगळ्या प्रोसेसरना मिळून एकच मेमरी, सगळ्यांपासून सारख्याच अंतरावर. दुसरीत प्रत्येक गटाच्या जवळ मेमरीचा एक हिस्सा. दुसऱ्या गटाचा हिस्साही वापरता येतो, पण उशीर लागतो.

सरांनी लग्नातच, पुढच्या पंगतीला, दुसरी रचना करून पाहिली. ओळीला एक गंज. पंगत खरंच भराभर उठली. फक्त वरण अळणी झाल्याचं कळल्यावर आचाऱ्यानं मीठ टाकलं ते एकाच गंजात. व्याह्यांची ओळ अळणीच जेवून गेली. मी कपाळाला हात लावला. सर मात्र खूश.

"हेच तं पाहाचं होतं मले. एकानं बदल केला, तं तो बाकीच्यांले कळला पायजे. नाही तं यंत्र झपाट्यानं चुकीचं उत्तर देते."

शुक्रवारी फाइल घेऊन मी त्यांच्या घरी गेले. सर एकटेच राहतात. त्यांनी दुसऱ्या रचनेवर लगेच सही केली. "मोठ्या कामाले हेच बरं. गर्दी नाही, न् एकाचा बदल बाकीच्यांले कळते, हे तपासलं मी."

मग ते उठले आणि दोन खोल्यांतले दोन माठ उचलून परसात नेऊन ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलं बायकापोरांसह यायची होती. स्वयंपाकघरात एकच माठ उरला.

"सर, ही तर पहिली रचना झाली. इथे गर्दी होईल."

"मागच्या खेपी खोलीखोलीत माठ ठेवले होते मी," सर म्हणाले. "चार दिवस कोनी कोनाच्या आडवं आलं नाही."

माठाशेजारी त्यांनी दोन पेले ठेवले. जरा थांबले, आणि त्यातला एक उचलून परत फडताळात ठेवला.