दिवेलागणीला घुमणारा सर्व्हर

पेणच्या गणपती कारखान्यातला सर्व्हर रोज दिवेलागणीला अंगात आल्यासारखा घुमायचा. डिस्कचा दिवा नुसता लुकलुकत सुटायचा. प्रत्येक ऑर्डर आणि रंगवलेल्या मूर्तीचा फोटो त्याच डेटाबेसमध्ये, त्यामुळे ऐन ट्रक भरताना कुठला गणपती कुठल्या गावाला, तेच पडद्यावर उमटेना. अखेर मालकांचा पुतण्या हर्षद म्हणाला, "आज कारण सापडलं नाय, तर उद्यापासून पनवेलची मानसं."

कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारी नम्रता रोज शेजारच्या गावाहून यायची. हे काम जाऊ द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. तिने पदर खोचला.

आधी संशय बॅकअपवर. तो बंद केला, तरी दिवा लुकलुकतोच. मग अँटिव्हायरसची उचलबांगडी झाली, तरी तेच. शेवटी कोण काय मागतंय ते सगळं लिहून ठेव, असं तिने सर्व्हरला बजावलं. त्याने ते इतकं इमानेइतबारे लिहिलं, की डिस्क काठोकाठ भरून सगळंच ठप्प झालं.

"ताई, डायवर बोंब मारतोय!" ट्रक भरणारा साहिल बाहेरून ओरडला.

"मारू दे! आज सोडत नाय मी."

सर्व्हरने लिहिलेलं निम्मं पुसून तिने उरलेलं वाचलं. एकच कॉम्प्युटर सगळे फोटो मागत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो होता मालकांच्या खोलीत.

नम्रता तणतणत आत गेली. म्हातारे मालक हैबतराव अनवाणी, पडद्यासमोर अगरबत्ती घेऊन उभे. एकेक गणपती पुढे सरकवायचे, ओवाळायचे, नमस्कार करायचे.

"काका, हे काय?"

"पूर्वी शेडमदी फिरून करायचो गो. आता गुडघं चालत नाय. मंग देवाला निरोप दिल्याबिगर धाडायचं व्हय?"

नम्रताचा राग जागच्या जागी विरघळला. तिने सगळ्या फोटोंची नक्कल काकांच्याच कॉम्प्युटरवर उतरवून दिली. दुसऱ्या दिवशी ट्रक वेळेवर सुटले. पनवेलचं नाव कुणी काढलं नाही. पण काकांची हाक आलीच.

"पोरी, आज रंगवलेलं गणपती यात नाय. त्यांनी काय घोडं मारलंय?"

तेव्हापासून रोज दुपारी नम्रता ताजी नक्कल काढू लागली. एकदा हर्षद धावत आला. "दिवा परत लुकलुकतोय!"

"मीच करतेय ते," नम्रता म्हणाली. नक्कल शेवटाला अडली होती आणि पहिला ट्रक फाटकात शिरत होता. तिने सर्व्हरला हात जोडले. "बाबा, आटप लवकर."

हर्षदने दारातच चपला काढल्या.