ऑल्वेनला न हलवता

"माझा पूल हलतो? छट्! तुमचेच पाय लटपटतात!" टोल घेता घेता वॉल्टर बफ्टन प्रत्येकाला सुनावायचा. पणजोबांनी नदीवर लोखंडी साखळ्यांनी टांगलेला, घरच्या मालकीचा पूल. त्याच्याविरुद्ध ब्र काढायची कोणाची टाप नव्हती! काढायची ती फक्त त्याची बायको, ऑल्वेन. लग्न होऊन आली तेव्हापासून ती डोळे गच्च मिटून, नवऱ्याची बाही धरूनच पूल ओलांडायची.

आणि हे जग सोडून जाताना म्हणाली, "चर्चला मला आपल्याच पुलावरून ने हं. पण हलवू नकोस!"

शववाहिनीचं वजन पुलाला झेपणारं नव्हतं. म्हणजे पेटी खांद्यावरून न्यायला खांदेकरी लागणार. आणि सहा माणसं एका तालात चालली की हा पूल कसा पाळण्यासारखा डोलतो, हे वॉल्टरइतकं कोणाला ठाऊक? म्हणून त्याने गावातली सहा बेताल माणसं हुडकली. लंगडा खाटीक गेथिन, ताडमाड एमरिस, सकाळीच झिंगलेला डिल्विन आणि त्यांच्यासारखेच आणखी तिघं!

"ही काय वरात आहे?" मेहुणी ग्वेन्डा कडाडली. "माझ्या बहिणीची शोभा करतोस?"

"तू गप्प बस! मला कळतंय मी काय करतोय ते."

आणि खरंच, सहाजण वाटेल तसे पाय टाकत निघाले, पण पूल ढिम्म! वॉल्टरला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

मध्यावर पोचले, तोच मागून ग्वेन्डाने बहिणीचं आवडतं भजन सुरू केलं. भजन ऐकून तोंड मिटून राहील तो वेल्श माणूस कसला! अख्खं गाव गाऊ लागलं. जन्मात ताल न सापडलेल्या त्या सहाजणांचे पाय फटाफट जुळले. पूल डोलायला लागला. शवपेटी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे!

"गाणं बंद करा!" वॉल्टर किंचाळला. "बंद करा मेल्यांनो! ती घाबरते!"

सगळे चिडीचूप झाले. ग्वेन्डाने तोंडात रुमाल कोंबला. वॉल्टरने पेटीवर हात ठेवला. "झालं गं, झालं. डोळे मीट. आलंच टोक."

"मिटलेलेच आहेत रे," डिल्विन हुंदका देत म्हणाला.

दफन झाल्यावर सगळे ग्वेन्डाकडे चहाला गेले. वॉल्टर एकटाच परत निघाला. पुलाच्या मध्यावर थांबला, मागेपुढे कोणी नाही ना, ते बघितलं आणि दोन्ही पायांनी दाणकन उडी मारली. मग आणखी एक.

"हल की रे मेल्या!" स्वतःचीच बाही धरून तो म्हणाला.

शेवटी त्याचंच खरं झालं. पूल जरासुद्धा हलला नाही.