पाहुण्यांचा अल्प परिचय

वाळूवर नीट घडी केलेली पँट. तिच्यावर चष्मा.

पासपोर्टची झेरॉक्स, तीन प्रती.

भारनियमन: दुपारी एक ते साडेपाच.

"बाबा, आधी ते काढा!"

हे सगळं मे २००६ मधल्या एकाच मंगळवारचं.

चारुदत्त लिमये मास्तरांचा मुलगा यज्ञेश जर्मनीत नोकरीला. वर्षभर "कायम कधी?" विचारून मास्तर थकले होते. आता त्याचे साहेब ब्रुनर आठवडाभर आंबे खायला रत्नागिरीजवळच्या वारे गावात लिमयांकडेच उतरले होते. जेवताना मास्तरांनी इंग्रजीत आपुलकीनं विचारलं, "वय काय? पगार किती? मुलं?"

साहेब म्हणाले, "आमटी उत्तम आहे."

संध्याकाळी वाचनालयात साहेबांचा सत्कार. शाल होती, नारळ होता, परिचय नव्हता. परिचयाशिवाय सत्कार म्हणजे अपमानच! पोलिसांत नोंदीसाठी काढलेली पासपोर्टची झेरॉक्स घरात होती. मास्तरांनी तिच्यावरून मजकूर लिहिला आणि उत्साहाच्या भरात आपल्या आंबेविक्रीच्या वेबसाइटवरही टाकला:

'जन्म १४ मार्च १९५१. उंची १९२ सेंटिमीटर. डोळे करडे. पासपोर्ट क्रमांक खाली दिला आहे. पोट नाजूक (फणसामुळे). पत्नीबाबत मौन बाळगतात.'

तासाभरात यज्ञेशचा फोन.

"बाबा, आधी ते काढा! इथं माणसं दारावरसुद्धा फक्त आडनाव लावतात!"

"अरे, सगळं चांगलंच लिहिलंय. साहेबांना एक प्रत दिली, फ्रेम करायला."

"काय म्हणाले?"

"काही नाही. आधीच गोरे, त्यात पांढरे पडले. टॉवेल घेऊन निघून गेले. माझ्यामुळे तुझं कायम होणं गेलं का रे?"

"तो विषय वेगळा. आधी काढा!"

मास्तर संगणकापुढे बसले आणि वीज गेली.

"साडेपाचला येईल," मास्तरांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या. "तोवर जग वाचेल. काढा स्कूटर!"

रत्नागिरीच्या नेटकॅफेत जनरेटर होता, पण मास्तरांना पासवर्ड आठवेना. त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, तुमचीच जन्मतारीख!"

मास्तरांनी ती अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल अशी म्हणत टाइप केली. परिचय पुसला गेला.

परतताना आरे-वारेच्या रस्त्यावर मासे धरणारा रूपेश आडवा आला. एका हातानं त्यानं डोळे झाकले होते.

"मास्तर, पुढं जाऊ नका. तुमचा पावणा..."

"बुडाला?"

"बुडाला असता तर झाकला तरी असता! पाणी घोट्याएवढंच आहे."

साहेब ताठ चालत किनाऱ्याकडे येत होते. अंगावर तेवढं समुद्राचं मीठ.

"साहेब, कपडे!" मास्तर किंचाळले. "लोक बघताहेत!"

"परिचय काढला?"

"काढला."

"पासपोर्ट नंबर?"

"तोही."

"फणस?"

"तोसुद्धा!"

साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

"आभारी आहे. दुपारपासून फार उघडं पडल्यासारखं वाटत होतं."

यज्ञेश फेब्रुवारीतच कायम झाला होता; वडील पगार विचारतील म्हणून त्यानं घरी कळवलं नव्हतं.