मावशींनी पुसलेल्या सहा नळ्या

"मावशी, या नळ्यांवरची नावं कुठे गेली?"

"नावं कसली ताई, निळे डाग होते नुसते! स्पिरिटने घासून काढले. बघा कशा लख्ख दिसतायत."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींची साफसफाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. प्रयोगशाळेत धूळ त्यांना घाबरून राहायची. सहाही नळ्या आता एकसारख्या चकचकीत होत्या, आणि परवा सकाळी समितीपुढे त्यांचाच निकाल ठेवायचा होता.

ताई लसीसाठी लागणारा आरएनए बनवत. बाहेरचा आरएनए आत शिरला की पेशी चोर आल्यासारखी बोंब मारते आणि त्यावरून प्रथिन बनवायचं कामच थांबवते. त्यातल्या युरिडिन या घटकात थोडा बदल केला, तर मात्र ती त्याला घरचाच समजते. ताईंनी त्यासाठी युरिडिनला एक नवीन शेपूट जोडलं होतं. पण गेले दोन महिने पेशी नेमक्या या शेपटीवाल्यालाच बोंब मारत होत्या आणि साध्याला चकार शब्द बोलत नव्हत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी आधी पेशींना दोष दिला, मग ताईंना. परवा काम बंद करायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं.

"साध्या आरएनएच्या तिन्ही नळ्या डावीकडे होत्या ना?" सरांनी विचारलं.

"मी सगळ्या खाली काढल्या, पुसल्या आणि परत लावल्या," मावशी म्हणाल्या. "डावं-उजवं कोण बघतंय?"

सरांनी कपाळाला हात लावला. नव्याने आरएनए बनवायला आठवडा गेला असता. ताईंना रडू येत होतं, पण रडायलासुद्धा वेळ नव्हता. त्यांनी नळ्यांवर एक ते सहा आकडे टाकले, प्रत्येकीतला थोडा थोडा आरएनए पेशींना दिला आणि उरलेल्यातला थेंब थेंब रेणूंचं वजन सांगणाऱ्या यंत्राकडे पाठवला. शेपटीवाला थोडा जड भरणार, एवढीच काय ती खूण होती. हे वजन आजवर कुणीच केलं नव्हतं. नळीवर ढळढळीत नाव असताना वजन कशाला करायचं?

दुसऱ्या दिवशी दोन, चार आणि पाच नंबरच्या पेशी हिरव्यागार चमकत होत्या, म्हणजे आरएनएने सांगितलेलं चमकतं प्रथिन त्यांनी बनवलं होतं. बोंब नाही, तक्रार नाही. बाकीच्या तिघींनी मात्र नुसता गोंधळ घातला होता. तेवढ्यात यंत्राचा कागद आला. दोन, चार, पाच जड!

"सर, चाललं! माझं शेपूट चाललं!" ताई ओरडल्याच.

"मग दोन महिने काय चाललं होतं?"

ताईंनी कच्च्या मालाच्या, म्हणजे युरिडिनच्या, दोन्ही बाटल्या यंत्रावर चढवल्या. 'साधं' लिहिलेली बाटली जड निघाली. 'शेपटीवालं' लिहिलेली हलकी. दोन महिने ताई इमानेइतबारे उलट्या बाटल्यांतून आरएनए बनवत होत्या. बाटल्यांवरचं अक्षर टपोरं आणि वळणदार होतं. दुसऱ्या कुणाच्या अक्षरावर सरांचा विश्वास नव्हता, म्हणून बाटल्यांवरची नावं ते स्वतःच लिहीत.

सरांनी दोन्ही बाटल्या उचलून डोळ्यांजवळ धरल्या. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "उद्या तुमच्या कामावर फुली मारणार होतो मी. चुकलो ताई."

ताईंनी काल अडवून धरलेलं रडू आता आलं. पण ते आनंदाचं होतं, आणि ते आवरायची त्यांना बिलकूल घाई नव्हती.

समितीच्या अध्यक्षीणबाई कडक होत्या. त्यांनी आलेख दोनदा पाहिले, वजनं तीनदा तपासली. "नावं काढून टाकून चाचणी घेतली, म्हणून हा निकाल मला पटतो," त्या म्हणाल्या. "काम पुढे चालू ठेवा. माणसं हवीत तर तीही मागा. पण ही नावं काढायची कल्पना कोणाची?"

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे मावशी फडकं घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही? कसं सुचलं हो तुम्हाला?"

"त्यात काय सुचायचंय बाई," मावशी म्हणाल्या. "नावं वाचत बसलं की पुसणं राहून जातं."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावला आणि हे वाक्य गंभीरपणे अहवालात लिहून घेतलं.