ताईसाहेबांच्या कुलूपबंद किल्लीची हकीकत

सकळांनी चित्त देऊन ऐकावे, जांभया आवराव्या. घडले तेच लिहितो. पदरचे तिखटमीठ बेताचे घातले आहे.

राजमान्य ताईसाहेब, कचेरीत नकाशे काढणाऱ्या, जिन्यावरून घसरोन, पाय प्लास्टरात घालोन, कोचावर मुक्काम करून होत्या. तो साहेबांचे फर्मान आले की, दुपारच्या आत व्हीपीएन नामे गुप्त भुयारातून घरबसल्या कामावर रुजू व्हावे, न जाहलियास जातीने हजर राहावे. घर चौथे मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ताईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले.

मग धाकटे बंधू, घरचे संगणकबहाद्दर, कंबर कसोन उठले. भुयाराची खासगी किल्ली लॅपटॉपात होती, परंतु मागे त्यांनीच परवलीचा शब्द घालोन ती कुलूपबंद केली होती, आणि नवा राउटर, मोठा हट्टी किल्लेदार, उघडीच किल्ली मागत होता, आणि दुसरी किल्ली देणार ते कचेरीतील कारकून रजेवर. परवलीचा शब्द बंधूंस तोंडपाठ. तो टंकिला, यंत्राने नामंजूर केला. मग मोठ्या इंग्रजी अक्षरांत टंकिला, मग उलटा टंकिला, मग मांजरीचे नाव घातले, आणि दर हल्ल्यास सपशेल माघार जाहली. मातोश्रींनी चहाची रसद पोचवून हुकूम सोडिला की, पुरे जाहली बहादुरी, पोरीस खुर्चीत घालोन खाली न्यावयास शेजारी बोलवावे. ताईसाहेबांचे डोळे भरले, बंधूंस मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

तेव्हा ताईसाहेब कडाडल्या, "अरे, तेव्हा जसं टाइप केलंस तसंच कर. डोकं चालवू नकोस, तेव्हाही चाललं नव्हतं!"

बंधूंनी शब्द टंकिला. आता रिवाज ऐसा की, परवलीचा शब्द पडद्यावर उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. बंधू मूळचे उतावीळ. पडदा कोरा पाहोन पारा चढला, आणि "घेतोस की नाही, ठोंब्या!" म्हणोन तोच शब्द त्याच दमात पुनश्च बडविला आणि एंटर दाबिले. तत्क्षणी कुलूप गळाले! मागे कुलूप घालितानाही हाच उतावीळपणा करोन शब्द लागोपाठ दोनदा घातला होता, आणि यंत्राने खात्रीस पुन्हा विचारिले तेव्हाही दोनदाच, म्हणोन खरा परवलीचा शब्द जोडीनेच होता. जित्याची खोड, ती ऐन वक्ती कामास आली.

मग राउटराने मुजरा केला, भुयार खुले जाहले, आणि साहेबांस खबर गेली की ताईसाहेब रुजू. बंधू मिशीवर ताव देत होते, त्यांस मातोश्रींनी कपबश्या विसळावयास पिटाळिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख राखिला तो इतकाच की, ताईसाहेबांचा पाय उशीवर होता, तो उशीवरच राहिला.