दत्तूभाऊंची परदेशी पावणेमंडळी

निरगुडसरात पाण्याची मोटर जळाली तर दत्तूभाऊंकडे न्यावी; घाई असेल तर नेऊ नये. तांब्याची तार भरता भरता ते मध्येच थांबतात, चष्मा कपाळावर सारतात आणि म्हणतात, "नॉर्वेच्या म्हातारीची शेळी आटली राव."

समोरचा लोणीहून आलेला असतो. त्याचा कांदा पाण्यावाचून सुकत असतो. नॉर्वे मंचरच्या अलीकडं की पलीकडं, हेही त्याला ठाऊक नसतं.

मी इथल्या शाळेत मास्तर, दत्तूभाऊ माझे शेजारी. शिक्षण नववी, तेही दोनदा. जगभरची साधी माणसं आपल्या घरचं रडगाणं इंटरनेटवर लिहून ठेवतात, त्याला ब्लॉग म्हणतात, हा शोध त्यांना एका जुन्या मोटरची माहिती हुडकताना लागला. पोलंडच्या कुण्या मिस्तरीनं दोन ओळी मोटरवर आणि दोन पानं मेव्हण्यावर लिहिली होती. दत्तूभाऊ मेव्हण्यातच अडकले.

"त्याच्या पानावर बाजूला दुसऱ्यांची नावं व्हती," ते सांगतात. "दाबत गेलो. एकाच्या वळखीनं दुसरा. सोयरीक जमवत्यात तसंच."

मराठी करून द्यायला फोन आहेच. फोनचं मराठी माझ्या सहावी 'ब'सारखं. जपानच्या एका बाईच्या सासूनं छत्री खाल्ल्याचं त्यांनी मला वाचून दाखवलं.

"भाऊ, भाषांतर चुकलंय."

"चुकलं आसंल. पर सासूचा सभाव बघता खाल्ली बी आसंल."

परवाच्या उन्हाळ्यात मात्र ते मधल्या सुट्टीत थेट शाळेत आले. हात काळे, चेहरा पडलेला.

"गुरुजी, बेटावरचा गप झालाय."

बेटावरचा म्हणजे स्कॉटलंडचा एक म्हातारा. दर रविवारी बटाटे, पाऊस आणि बायकोची बोलणी, एवढंच लिहायचा. सात रविवार काहीच आलं नव्हतं.

"इंग्रजीत इचारा, बरा हाय का."

"तुम्ही त्याचे कोण, म्हणून लिहू?"

ते जरा घुटमळले. "वाचनारा म्हना."

मी हसत हसत चार ओळी लिहिल्या. पाचव्या दिवशी उत्तर आलं. मी दुकानात जाऊन त्यांना मराठीत सांगितलं. बायको वारली होती. आपलं लिहिलेलं तीच एकटी वाचते, असं म्हातारा धरून चालला होता. मग लिहायचं कुणासाठी?

दत्तूभाऊंनी तार खाली ठेवली. मग म्हणाले, "लिवता का, गुरुजी? चा लगीच एका कपाचा टाकू नगं म्हनावं. थोडं दिस दोन कपाचाच टाक, उरला तर उरू दे. म्या पयल्याच दिशी एका कपाचा टाकला. भांड्यात येवढंसं पानी बघून लई भ्या वाटलं."

दत्तूभाऊंच्या शांतावहिनींना जाऊन चार वर्षं झाली. आमच्या दोघांच्या घरांमध्ये भिंत एकच आहे, आणि हे मला आज कळत होतं.

मान वर न करता मी चहाचं सगळं इंग्रजीत लिहिलं.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि जागा करून देत खुर्चीवरचा फडका उचलला. "बसा की वाईच."